साक्षीच्या दिवसाचा पगार

मतदानाच्या दिवशी कामगाराला भरपगारी सुटी देणे मालकावर बंधनकारक आहे. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व अधिनियमात १९९६ साली कलम १३५-ब घालून संसदेने ही तरतूद केली. तिचा लाभ केवळ कायम नोकरदारांपुरता नाही. ज्याला एरवी सुटीच्या दिवसाची मजुरी मिळत नाही, त्या रोजंदारी मजुरालाही त्या दिवसाची मजुरी द्यावी लागते. भिलाईच्या पोलाद कारखान्याभोवती वाढलेल्या लहानमोठ्या उद्योगांतील ठेका मजुरालाही ही तरतूद लागू आहे. पण त्याच मजुराला, त्याच्यावर झालेल्या हल्ल्याच्या खटल्यात साक्ष देण्यासाठी शेजारच्या दुर्गच्या न्यायालयाने बोलावले, तर हजेरीपटावर त्याच्या नावापुढे खाडा पडतो आणि मजुरी कापली जाते. मतदान न करणाऱ्या नागरिकाला आपला कायदा कोणतीही शिक्षा करत नाही. समन्स मिळूनही गैरहजर राहणाऱ्या साक्षीदारावर मात्र वॉरंट निघू शकते. जे कर्तव्य ऐच्छिक आहे त्याच्या दिवसाचा पगार सुरक्षित आहे; जे सक्तीचे आहे त्याच्या दिवसाचा नाही. या विसंगतीकडे आपले धोरणकर्ते इतकी वर्षे कसे दुर्लक्ष करू शकले, हा माझ्यापुढचा प्रश्न आहे.

सेवेच्या अखेरच्या वर्षांत दुर्ग जिल्ह्यात असताना एक ठेका कामगार माझ्याकडे अर्ज घेऊन आला होता. मूळचा गोंदियाकडचा, मराठी बोलणारा. दुसरी पाळी संपवून रात्री सायकलवरून घरी परतताना दोघांनी त्याला अडवले, दंडावर चाकूचा वार केला आणि खिशातला पगार व मोबाइल काढून नेला. आरोपी सापडले, खटला उभा राहिला. एवढ्यापुरते व्यवस्थेने आपले काम केले होते. त्याची तक्रार वेगळीच होती. शाळेच्या वहीच्या एका पानावर त्याने तारखा लिहून आणल्या होत्या. फिर्याद, पंचनाम्यासाठी घटनास्थळी हजेरी, वैद्यकीय तपासणी, कारागृहातील ओळख परेड, दंडाधिकाऱ्यांसमोर जबाब, जप्त मोबाइल सोडवून घेण्याचा अर्ज आणि त्यानंतर न्यायालयाच्या तारखा. एकूण चौदा दिवस. त्यांत प्रत्यक्ष साक्ष झाली होती एकच दिवस, तीही अर्धी. उलटतपासणी पुढच्या तारखेवर गेली होती. या चौदा दिवसांत बुडालेली मजुरी लुटारूंनी नेलेल्या पगाराहून अधिक भरत होती. वरून ठेकेदाराने सांगितले होते की, सारखा कोर्टात जाणारा माणूस आपल्याला परवडणार नाही.

“तारखांत गेलेली मजुरी कुठून परत मिळते का, साहेब?” एवढेच त्याने विचारले. मी नियमांची पुस्तके उघडून बसलो आणि मला उत्तर सापडले नाही. काही महिन्यांनी सरकारी वकिलांकडून कळले की उलटतपासणीत त्याने आरोपींना ओळखत नसल्याचे सांगितले. अभिलेखात तो फितूर साक्षीदार ठरला. त्याला कोणी धमकावले होते की नाही, मला ठाऊक नाही. त्याच्या वहीचे ते पान मात्र मी पाहिले होते.

माझी स्वतःची स्थिती याच्या अगदी उलट होती. अधिकारी म्हणून मी अनेकदा साक्षीला गेलो. तो दिवस कर्तव्याचा धरला जाई आणि प्रवासभत्ताही मिळे. तपास अधिकारी, शासकीय डॉक्टर, न्यायसहायक प्रयोगशाळेतील तज्ज्ञ, सरकारी वकील, न्यायाधीश आणि न्यायालयाचा शिपाई, हे सारे त्या दालनात पगारावर असतात. तुरुंगातून आणलेल्या आरोपीच्या प्रवासाचा व जेवणाचा खर्चही शासन करते आणि ते योग्यच आहे. पदरचे पैसे घालून त्या दालनात उभा राहतो तो ज्याच्यावर गुन्हा घडला तो माणूस.

कायद्यात काहीच नाही असे नव्हे. जे आहे ते तुकड्यातुकड्यांनी आहे. कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या लैंगिक छळास प्रतिबंध करणाऱ्या २०१३ च्या अधिनियमाचे कलम १२ सांगते की चौकशी चालू असताना समितीच्या शिफारशीवरून पीडित स्त्रीला तीन महिन्यांपर्यंत रजा देता येते आणि ती तिच्या नेहमीच्या रजेव्यतिरिक्त असते. केंद्र शासनाने २०१७ मध्ये आपल्या रजा नियमांत दुरुस्ती करून अशी नव्वद दिवसांपर्यंतची रजा महिला कर्मचाऱ्यांना दिली. तत्त्व म्हणून हे पाऊल मोठे होते. अत्याचारातून सावरण्यासाठी लागणारा वेळ पीडितेच्या स्वतःच्या रजेतून कापू नये, हे त्यात मान्य झाले. पण या तत्त्वाची हद्द कार्यालयाच्या फाटकापाशी संपते. ज्या स्त्रीला नवरा घरी मारहाण करतो, जिच्यावर रस्त्यात हल्ला होतो, ज्या बापाच्या मुलाचा खून होतो, ज्या लिपिकाची आयुष्यभराची पुंजी फोनवरच्या तोतया पोलिसाने लुबाडलेली असते, त्यांच्यापैकी कोणालाही ही रजा नाही.

मग त्यांच्या वाट्याला काय येते? कारखान्यातील कामगाराला वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस भरपगारी रजा, असा हिशेब १९४८ च्या कारखाने अधिनियमाने घालून दिला. तिच्यासाठी वर्षात २४० दिवस काम झालेले असण्याची अट होती. नव्या श्रमसंहितेने ती १८० दिवसांवर आणली. मात्र त्या अधिनियमात रजेचा अर्ज पंधरा दिवस आधी करण्याची अपेक्षा होती आणि अपवाद होता तो आजारपणाचा. आजार सांगून येत नाही, हे कायद्याने ओळखले. गुन्हाही सांगून येत नाही, हे मात्र ओळखले नाही. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना अधिनियमात वर्षाला आठ दिवस नैमित्तिक रजा आहे. माझ्याकडे आलेल्या त्या कामगाराचा खटला साक्षीच्या मध्यावर येण्याआधीच ती संपली असती. कर्मचारी राज्य विमा योजनेत विमेदाराला आजारपणात वर्षातून ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के लाभ मिळतो. म्हणजे चाकूची जखम भरेपर्यंत त्याला आधार आहे. जखम भरल्यावर ती जखम कोणी केली हे सांगायला जाण्यासाठी आधार नाही.

फौजदारी कायद्याकडे वळले तरी चित्र फारसे बदलत नाही. १९७३ च्या दंड प्रक्रिया संहितेत फिर्यादी व साक्षीदार यांचा वाजवी खर्च शासनाकडून देवविण्याचा अधिकार न्यायालयाला होता आणि तो नव्या नागरिक सुरक्षा संहितेतही कायम आहे. पण तो न्यायालयाला योग्य वाटल्यास वापरायचा अधिकार आहे. साक्षीदाराचा हक्क नव्हे. २००९ च्या दुरुस्तीने संहितेत ‘पीडित’ या शब्दाची व्याख्या प्रथमच आली, पालक व वारस यांनाही तिच्यात स्थान मिळाले आणि राज्यांनी भरपाई योजना आखावी असे ठरले. महाराष्ट्रात २०१३ पासून मनोधैर्य योजना आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००० साली स्वर्णसिंह प्रकरणात साक्षीदारांच्या हेलपाट्यांवर आणि त्यांना मिळणाऱ्या वागणुकीवर तीव्र शब्दांत नापसंती नोंदवली. २००३ मध्ये न्यायमूर्ती मळिमठ समितीने पीडितांच्या सहभागाचा व साक्षीदारांच्या भत्त्यांचा प्रश्न मांडला. २०१८ मध्ये महेंद्र चावला खटल्यात साक्षीदार संरक्षण योजना संपूर्ण देशासाठी मान्य झाली. या सर्व प्रयत्नांचा भर साक्षीदाराच्या जिवावर, प्रतिष्ठेवर आणि झालेल्या हानीवर होता. त्याच्या नोकरीकडे कोणाचेच लक्ष गेले नाही.

नव्या संहितेने १ जुलै २०२४ पासून काही सोयी दिल्या आहेत, हे नमूद करायला हवे. फिर्याद इलेक्ट्रॉनिक मार्गाने देता येते. मात्र तीन दिवसांत तिच्यावर स्वाक्षरी करावी लागते. तपासाची प्रगती नव्वद दिवसांत पीडिताला कळवणे पोलिसांवर बंधनकारक झाले आहे. दृक्‌श्राव्य माध्यमातून साक्ष नोंदवण्याचा मार्ग रुंदावला आहे. या सोयींनी हेलपाटे कमी होतील, पण संपणार नाहीत. पडद्यासमोर बसून साक्ष द्यायची झाली तरी त्या वेळी माणूस भट्टीपाशी उभा राहू शकत नाही.

भिलाईत हा विषय मांडताना शंकर गुहा नियोगी यांचे स्मरण अपरिहार्य आहे. दल्ली-राजहराच्या खाण कामगारांचे संघटन उभारणारा हा नेता भिलाईच्या खासगी उद्योगांतील ठेका मजुरांसाठी लढत असताना २८ सप्टेंबर १९९१ रोजी पहाटे येथेच, झोपेत गोळी घालून मारला गेला. तपास केंद्रीय अन्वेषण विभागाने केला. दुर्गच्या सत्र न्यायालयाचा निकाल जून १९९७ मध्ये लागला, म्हणजे पावणेसहा वर्षांनी. पुढच्याच वर्षी जबलपूरच्या उच्च न्यायालयाने सर्वांची निर्दोष मुक्तता केली. २० जानेवारी २००५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोळी झाडणाऱ्याला दोषी ठरवून जन्मठेप दिली आणि इतरांची मुक्तता कायम ठेवली. खटला सुरू झाला तेव्हा दुर्ग मध्य प्रदेशात होते. तो संपला तेव्हा ते छत्तीसगढ या नव्या राज्यात आलेले होते.

अपिलात साक्षीदारांना पुन्हा जावे लागत नाही, हे खरे. पण पहिल्या निकालापर्यंतची पावणेसहा वर्षे तरी साक्षीपुरावा टिकवून धरावाच लागतो. त्या खटल्याच्या पाठीशी देशाची सर्वोच्च तपास यंत्रणा होती, जागरूक संघटना होती, वृत्तपत्रांचे लक्ष होते. सायकलवरून घरी जाणाऱ्या कामगाराच्या खटल्यामागे यांतले काहीही नसते. त्याचा खटला त्याच्या स्वतःच्या टिकून राहण्यावर उभा असतो. ते टिकणे मजुरीवर अवलंबून असेल, तर आरोपीच्या वकिलाला फारसे काही करावे लागत नाही. पुढची तारीख मागितली की पुरे.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला एक गोष्ट जाणवते. आज जी रजा आपण स्वाभाविक हक्क मानतो, त्यांतली कोणतीही मालकांनी वा शासनाने आपण होऊन दिलेली नाही. १८५९ च्या एका कायद्यानुसार आगाऊ रक्कम घेऊन कामावर न येणाऱ्या कामगाराला फौजदारी शिक्षा होऊ शकत असे. गैरहजेरी हाच गुन्हा मानणारा तो कायदा रद्द व्हायला १९२० चे दशक उजाडावे लागले. मधल्या काळात, १८८४ मध्ये, नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा घेऊन हजारोंच्या सह्यांचे निवेदन तयार केले. रविवारची सुटी ही त्यातली मागणी सर्वांना ठाऊक आहे आणि ती १८९० मध्ये पदरात पडली. त्याच निवेदनात आणखी एक मागणी होती: कामावर गंभीर दुखापत झालेल्या कामगाराला बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा. या मागणीतल्या तत्त्वाला कायद्याचे रूप यायला १९२३ चा कामगार भरपाई अधिनियम यावा लागला. मध्ये एकोणचाळीस वर्षे गेली.

प्रसूती रजेची कथा याहून बोलकी आहे. मुंबई विधिमंडळात १९२८ मध्ये हे विधेयक चर्चेला आले तेव्हा खर्च कोणी सोसायचा, हाच वादाचा मुद्दा होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी विधेयकाला पाठिंबा देताना मांडलेली भूमिका आजच्या विषयालाही लागू पडते. मातेला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून त्याचा मोठा भार शासनाने उचलला पाहिजे. मात्र मालकही त्या श्रमांचा लाभ घेतो, म्हणून त्याला पूर्णतः मोकळे सोडता येणार नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. १९२९ मध्ये तो कायदा झाला. अपघात, आजार, प्रसूती या क्रमाने आपण रजेचे क्षेत्र वाढवत आलो. गुन्ह्याचा बळी होणे हा त्या मालिकेतला राहून गेलेला दुवा आहे.

जगात इतरत्र हा दुवा काही प्रमाणात जोडला गेला आहे. हे केवळ श्रीमंत देशांचे चोचले नव्हेत. फिलिपिन्सने २००४ च्या कायद्याने हिंसाचारग्रस्त स्त्री कर्मचाऱ्यांना दहा दिवसांची भरपगारी रजा दिली. न्यूझीलंडमध्ये २०१९ पासून कौटुंबिक हिंसाचाराच्या पीडितांना दहा दिवस मिळतात. ऑस्ट्रेलियाने २०२३ मध्ये तेवढीच रजा अर्धवेळ व अनियमित कामगारांनाही लागू केली. कॅनडाच्या संघीय कायद्यात, ज्या आईवडिलांचे मूल गुन्ह्यामुळे दगावले असावे, त्यांची नोकरी १०४ आठवड्यांपर्यंत राखून ठेवली जाते. कॅलिफोर्नियाने हे संरक्षण घरगुती हिंसेपुरते न ठेवता अन्य हिंसक कृत्यांच्या पीडितांना व त्यांच्या कुटुंबीयांनाही दिले आहे. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने तर नोव्हेंबर १९८५ मध्येच गुन्हेपीडितांना न्याय देण्याची मूलतत्त्वे घोषित केली होती.

या सूचनेवर तीन आक्षेप घेतले जातील. पहिला गैरवापराचा. पण इतर कोणत्याही रजेपेक्षा या रजेचा पुरावा अधिक पक्का असतो. फिर्यादीची प्रत, समन्स, न्यायालयाच्या कर्मचाऱ्याने दिलेले हजेरीचे प्रमाणपत्र ही शासकीय कागदपत्रे आहेत. पोटदुखीचा दाखला मिळवणे त्याहून सोपे आहे. दुसरा आक्षेप असा की काही ठिकाणी माणूस एकाएकी कामावरून हलू शकत नाही. झोतभट्टीवरच्या पाळीत हे शंभर टक्के खरे आहे. पण मतदानाच्या सुटीच्या कलमातच याचे उत्तर आहे. ज्याच्या गैरहजेरीने धोका किंवा मोठे नुकसान संभवते, त्याला ते कलम लागू होत नाही. मात्र येथे पूर्ण सूट न देता पाळी बदलून देण्याचे बंधन घालावे लागेल, कारण साक्षीची तारीख कामगाराच्या हाती नसते.

तिसरा आक्षेप खर्चाचा आहे आणि तो मी सर्वांत गंभीर मानतो. संपूर्ण भार मालकावर टाकला तर लहान उद्योजक तो टाळण्याच्या वाटा शोधील. अडचणीत सापडलेल्या स्त्रियांना कामावरच घेणार नाही. ठेका मजुराच्या बाबतीत मुख्य मालक ठेकेदाराकडे बोट दाखवील आणि ठेकेदार मुकादमाकडे. म्हणून भार वाटला पाहिजे. खटला राज्य चालवते. फौजदारी खटल्यात फिर्यादी पक्ष म्हणून राज्याचेच नाव असते. तेव्हा न्यायालयात जाण्याच्या दिवसांची मजुरी राज्याने द्यावी, आणि गुन्ह्यानंतर सावरण्यासाठी लागणाऱ्या मोजक्या दिवसांची मालकाने, हे न्याय्य ठरेल.

माझी सूचना त्यामुळे मर्यादित आहे. गंभीर गुन्ह्याच्या पीडिताला, आणि खून वा अल्पवयीनांवरील अत्याचाराच्या प्रकरणी जवळच्या नातलगाला, फिर्याद नोंदल्यापासून वर्षभरात दहा दिवसांची भरपगारी रजा असावी. तपास किंवा न्यायालय यांनी बोलावलेला प्रत्येक दिवस कामाचा दिवस म्हणून मोजला जावा, म्हणजे अर्जित रजेसाठी लागणारे दिवसही घटणार नाहीत. रोजंदारी व ठेका कामगारांना त्या दिवसाची किमान वेतनाइतकी रक्कम न्यायालयातूनच, त्याच दिवशी, बँक खात्यात मिळावी. या कारणास्तव कामावरून काढणे बेकायदा ठरावे. रजेच्या अर्जात गुन्ह्याचा तपशील लिहिण्याची सक्ती नसावी. केवळ कागदपत्र पाहून ते परत करावे, कारण पीडितेची कहाणी आस्थापना शाखेच्या टेबलांवर फिरणे ही दुसरी शिक्षा असते. आणि साक्षीदार हजर असताना विशेष कारणाविना पुढची तारीख देऊ नये, हा संहितेतला जुनाच नियम काटेकोरपणे पाळला जावा. वाया गेलेल्या प्रत्येक तारखेची मजुरी शासनाच्या तिजोरीतून जाऊ लागली, तर त्या नियमाकडे अधिक लक्ष जाईल, असा माझा प्रशासकीय अनुभव सांगतो.

यासाठी संसदेची वाट पाहण्याचे कारण नाही. श्रम हा समवर्ती सूचीतला विषय आहे. चारही श्रमसंहिता नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या असून त्यांच्याशी जुळणारे नियम व स्थायी आदेश यांची मांडणी हा या काळाचा कार्यक्रम आहे. छत्तीसगढ आणि महाराष्ट्र ही दोन्ही राज्ये ही तरतूद आपापल्या अखत्यारीत आणू शकतात. सार्वजनिक क्षेत्रातील मोठ्या उपक्रमांना तर एका परिपत्रकाने आपल्या कायम कर्मचाऱ्यांसाठी आणि निविदेतील एका अटीने आपल्या ठेका कामगारांसाठी हे करता येईल.

निवृत्तीनंतर मी भिलाईतच राहिलो. रात्री दहाच्या सुमारास पाळी सुटते तेव्हा सायकली आणि मोटारसायकलींची रांग अजूनही रस्त्याने जाते. त्यांतल्या कोणावर उद्या हल्ला झाला, तर मी त्याला पोलीस ठाण्यात जा, फिर्याद दे, साक्षीला उभा राहा, असेच सांगेन. आयुष्यभर नागरिकांना हेच सांगत आलो. पण त्यानंतर तो मजुरीबद्दल विचारील, तेव्हा मला आजही तेच द्यावे लागेल जे त्या वहीच्या पानापुढे बसून दिले होते, म्हणजे काहीच नाही. हे बदलायला एक कलम पुरेसे आहे, आणि त्याचा मसुदा आपण मतदारासाठी १९९६ मध्येच लिहून ठेवला आहे.